ग्वांगझू: मोत्यांच्या नदीवरचं बंदर

सकाळचं गजबजलेलं चहागृह. बांबूच्या टोपल्यांतून वाफ निघतेय. शेजारचा माणूस एका आजोबांच्या कपात चहा ओततो आणि आजोबा गप्पा न थांबवता वाकवलेली दोन बोटं टेबलावर टकटक वाजवतात. आभार मानायची ही इथली रीत. किटलीचं झाकण तिरकं ठेवलं की वाढपी समजतो, पाणी संपलंय. चहाला कँटनी बोलीत म्हणतात 'छा'. आपल्या कानाला हा शब्द परका वाटत नाही.

हे दक्षिण चीनमधलं ग्वांगझू. जुन्या व्यापाऱ्यांचं कँटन. पर्ल नदी, म्हणजे मोत्यांची नदी, इथून पुढे दक्षिण चिनी समुद्राला मिळते.

या बंदराचं वय मोजायचं तर शहराच्या मधोमध असलेल्या एका टेकडीखाली उतरायला हवं. 1983 मध्ये इथे इमारतीसाठी खोदकाम चालू असताना नान्युए या इथल्या प्राचीन राज्याच्या राजाची कबर सापडली. दोन हजार वर्षांहून जुनी. राजाच्या अंगावर जेड या मौल्यवान दगडाच्या दोन हजारांहून जास्त तुकड्यांचा, लाल रेशमी धाग्याने जोडलेला पोशाख होता. सोबत आफ्रिकी हत्तींचे सुळे आणि इराणी धाटणीची चांदीची डबी. आज तिथे संग्रहालय आहे. घाईत असाल तरी त्या डबीपाशी थांबा. समुद्रापलीकडचा माल इथवर पोचत होता, याचा तो धडधडीत पुरावा.

पुढे अरब व्यापारी आले. त्यांच्या हुआइशेंग मशिदीचा गुळगुळीत, उंच मिनार अजून उभा आहे. रात्री त्यावर दिवा लावून जहाजांना वाट दाखवत, असं सांगतात. म्हणून त्याचं नाव प्रकाशाचा मनोरा.

1757 नंतर चीनच्या बादशहाने युरोपीय जहाजांना हे एकच बंदर मोकळं ठेवलं. परदेशी व्यापाऱ्यांनी नदीकाठच्या तेरा वखारींतच राहायचं, शहराच्या तटबंदीच्या आत पाऊल टाकायचं नाही, बायकांना आणायचं नाही, आणि हंगाम संपला की निघायचं. चहा, रेशीम, चिनीमातीची भांडी इथून जात. मुंबईहून कापूस येई.

आणि अफू येई. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून इथे उतरायची. जमशेटजी जीजीभॉय यांनी ऐन तारुण्यात कँटनच्या सफरी केल्या त्या याच व्यापारासाठी. त्यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयाच्या फाटकातून आत जाताना हे आठवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्या दानाने आपल्याकडे माणसं जगली. त्यातल्या काही पैशाची किंमत इथल्या घरांनी मोजली होती.

1839 मध्ये सरकारी आयुक्त लिन झेशू यांनी वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त केली. नदीच्या मुखाजवळ हुमेनला मोठे खड्डे खणले. मीठ, चुना आणि पाण्यात अफू कालवून ती समुद्रात सोडून दिली. हे काम तीन आठवडे चाललं. मग ब्रिटिश तोफा आल्या, आणि 1842 च्या तहात हाँगकाँग गेलं.

त्या तेरा वखारी 1856 च्या आगीत संपल्या. पण जवळच शामियान बेट आहे. नदीतल्या वाळूच्या दांड्यावर भर घालून ब्रिटिश आणि फ्रेंचांनी वसवलेलं. वडाची गर्द सावली, कमानींचे सज्जे. संध्याकाळी इथे पायीच फिरावं. चेन घराण्यांचं 1894 चं सभागृहही चुकवू नका. त्याच्या छताच्या कण्यावर मातीच्या रंगीत बाहुल्यांचा अख्खा दरबार भरलाय. रात्री 600 मीटर उंचीचा कँटन टॉवर लांबूनही दिसतो.

आम्ही मात्र पुन्हा नदीवर आलो. इथे आठवली सप्टेंबर 1938 ची गोष्ट. जपानी विमानांचे बॉम्ब या शहरावर पडत होते. मुंबईहून निघालेलं पाच भारतीय डॉक्टरांचं पथक याच शहरात पोचलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, वय 27. पुढच्याच महिन्यात शहर जपान्यांच्या हाती पडलं. तोवर डॉक्टर आपली औषधं घेऊन उत्तरेकडे, जखमी सैनिकांकडे निघाले होते.