आदल्या दिवशीची पैज

मंडळी, पेटंट हा शब्द उच्चारला की आपल्याकडे पहिला प्रश्न हळदीचा येतो. तो आधीच उरकून टाकतो.

२८ मार्च १९९५. जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, म्हणजे तिचे तेव्हाचे प्रमुख आपल्या डॉ. माशेलकरांनी, त्याला आव्हान दिलं. आता तिथल्या कार्यालयात ‘आमची आजी लावायची’ चालत नाही. छापील पुरावा लागतो. आजी कुठे छापून आलेली असते? मग जुने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथ धुंडाळले, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला १९५३चा लेख काढला आणि १९९७ मध्ये पेटंट गेलं. वाजवा टाळ्या, हरकत नाही.

पण माझं एक दुखणं आहे. त्या विजयानं आपल्याला खोड लागली. कुठलंही पेटंट दिसलं की ‘ह्यात नवीन काय?’ आजचा प्रश्न वेगळा आहे. गोष्ट नवीनच आहे, कुणीच केलेली नाही. पण त्या विषयातल्या जाणकाराला ती सहज सुचली असती का? सुचली असती, तर ती ‘उघड’, आणि उघड गोष्टीला पेटंट नाही. आणि हे ठरवायचं कधी, तर उत्तर समोर आल्यावर! मॅच संपल्यावर कट्ट्यावरचा प्रत्येक जण कॅप्टन असतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळतो.

गंमत बघा, त्याच २८ मार्चला अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयानं, ड्यूएल खटल्याचा निकाल दिला. प्रथिनाचा सुरुवातीचा तुकडा माहीत, जनुक शोधायची सर्वसाधारण रीत माहीत. तरी नेमका डीएनए ‘उघड’ नाही, असं न्यायालय म्हणालं. कारण प्रथिन अमिनो आम्लांचं बनतं, आणि एकेका आम्लासाठी डीएनएमध्ये अनेक सांकेतिक शब्द, म्हणजे कोडॉन, असू शकतात. एकट्या ल्युसिन या आम्लाला सहा कोडॉन. दहा अमिनो आम्लांना प्रत्येकी तीनच पर्याय धरा, तरी ५९,०४९ अनुक्रम होतात.

पुढे २००७ मध्ये, चक्क गाडीच्या पेडलच्या खटल्यात, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं की जाणकार म्हणजे यंत्र नव्हे, त्यालाही डोकं असतं. २००९ मध्ये कुबिन खटला: प्रथिन माहीत, त्याला चिकटणारं प्रतिपिंड माहीत, जनुक वेगळं काढून त्याच्या प्रती करायची, म्हणजे क्लोनिंगची, कृती नेहमीच्या लॅब मॅन्युअलमध्ये. त्या प्रथिनाच्या जनुकाचं पेटंट नाकारलं. किती पर्याय होते हे कुणी मोजत बसलं नाही. यशाची वाजवी खात्री होती का, एवढंच पाहिलं.

माझी कसोटी त्याहून गावठी आहे. अर्जाच्या आदल्या दिवशी जाणकारानं यशावर स्वतःच्या पैशांची पैज लावली असती का? क्रिस्परच्या, म्हणजे जनुकं कापून बदलण्याच्या तंत्राच्या, वादात अगदी हेच घडलं. एका बाजूला कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला मानवी पेशीतल्या वापराचं पेटंट घेणारी ब्रॉड इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था. बर्कलीवाल्यांचं म्हणणं, आम्ही परीक्षानळीत दाखवल्यावर मानवी पेशीत ते चालणार हे उघडच होतं. पण त्यांच्याच संशोधक जेनिफर डाउडना यांनीच पूर्वी त्याबद्दल जाहीर शंका बोलून दाखवल्या होत्या, आणि त्याच पुराव्यात आल्या. २०१८ मध्ये अपिलातही ब्रॉड इन्स्टिट्यूटची सरशी झाली. तेव्हा संशोधकहो, मुलाखतीत मोकळेपणानं बोलण्याआधी आपल्या वकिलाला एक फोन करत जा.