अळवाचं पान आणि निळा ड्रम

(दृश्य : मोरीमागचं अळू, सकाळचं कोवळं ऊन)

जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यातलं हे घर. मोरीच्या पाण्यावर वाढलेलं हे अळू. पानावरचा थेंब बघा, पाऱ्यासारखा घरंगळतोय. या पानावर मेणाचे डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आहेत, त्यांच्या फटींत हवा अडकते. थेंब त्या हवेवर टेकतो, म्हणून पान कोरडंच राहतं. कमळाच्या पानातली हीच करामत जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ साली उलगडून मांडली.

(दृश्य : ड्रमचं झाकण उचललं जातं)

आता त्याच अंगणातला हा निळा ड्रम. वर थर्माकोलच्या भोकांतून पालक, खाली हवेत लोंबणारी पांढरीशुभ्र मुळं. शेजारच्या आजी पहिल्यांदा आल्या आणि वाकून बघतच राहिल्या. म्हणाल्या, "माती कोठे शे?"

माती नाहीच. खतमिसळ पाण्याचा तुषार थेट मुळांवर बसतो. या पद्धतीला एरोपोनिक्स हे नाव १९५७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेन्ट यांनी दिलं.

सगळं येऊन ठरतं ते थेंबाच्या आकारावर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. १०० मायक्रॉनहून मोठा थेंब मुळाला लागण्याआधीच खाली पडतो. ३० मायक्रॉनहून बारीक असेल तर धुक्यासारखा तरंगत राहतो, मुळावर बसत नाही. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. तेवढा थेंब हवा. अळवाचं पान ज्याला झिडकारतं, त्याच पाण्याला मुळावरची बारीक लव धरून ठेवते. दोन फवाऱ्यांच्या मधे मुळांना मोकळी हवा मिळते. मुळांनाही श्वास लागतो, हे पाणी साचलेल्या वावरात पीक पिवळं पडलेलं पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

(दृश्य : ताईंचे हात, नोझल)

बोअरचं पाणी क्षाराचं, म्हणून तुषार सोडणारं नोझल चोंदतं. या घरातल्या ताई दर आठवड्याला ते काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवतात, आणि उजेडाकडे धरून भोक बघतात. मुळांवरून निथळलेलं पाणी तळाशी जमतं, गाळणीतून पुन्हा पंपाकडे जातं. याच जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर वर्षागणिक खोल चालले आहेत. अशा जिल्ह्यात हे परत फिरणारं पाणी आम्हाला फार मोलाचं वाटतं.

वीज गेली की मात्र मुळं लगेच सुकू लागतात. मागच्या मे महिन्यात एक ड्रम असाच गेला, आता इन्व्हर्टर आहे आणि त्याचा खर्चही.

(दृश्य : पंप थांबतो)

फवारा थांबला. प्रत्येक मुळाच्या टोकाला एकेक थेंब लटकून आहे. ताईंनी झाकण अलगद ठेवलं.