किडनी ट्रान्सप्लांटनंतर दिवस गेलेत? शहाळ्याआधी रिपोर्ट बघा

नमस्कार. घरात कुणाला दिवस गेले की शहाळी यायला लागतात. मायेनेच येतात. पण त्या बाईचं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं असेल, तर शहाळं हातात देण्याआधी तिचा पोटॅशियमचा रिपोर्ट बघा, कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि तिच्या अंगात ते आधीच साठलेलं असू शकतं.

का, ते सांगते. ट्रान्सप्लांटनंतर पहिल्यांदा आई झाल्या अमेरिकेतल्या एडिथ हेल्म, 1958 साली. किडनी त्यांच्या अगदी एकसारख्या जुळ्या बहिणीची, म्हणून शरीराने ती नाकारू नये यासाठीची औषधं त्यांना लागली नाहीत. आपल्याकडे किडनी मिळते आईची, नवऱ्याची, नाहीतर कॅडेव्हर, म्हणजे मृत दात्याची. मग शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी रोज घ्यावीच लागते, गरोदरपणातसुद्धा. मनाने बंद करायची नाही.

आता हेच औषध पोटॅशियम अंगात साठवतं आणि मॅग्नेशियम लघवीवाटे घालवतं. गरोदरपणात मॅग्नेशियम तसंही थोडं उतरतं. मग पोटऱ्यांत गोळे येतात, आणि सगळ्या म्हणतात, "अगं, होतंच या दिवसांत." होतं, मान्य. पण तुम्ही मात्र रक्त तपासल्याशिवाय ते अंगावर काढू नका.

कॅल्शियमचं जरा नीट ऐका. बाळाच्या हाडांत साधारण 30 ग्रॅम कॅल्शियम जातं, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. स्टिरॉइड चालू असेल तर आतड्यातून ते कमी शोषलं जातं. म्हणजे गोळ्या वाढवायच्या? थांबा. ट्रान्सप्लांटनंतरही काहींच्या पॅराथायरॉइड ग्रंथी (रक्तातलं कॅल्शियम वाढवणाऱ्या, गळ्यातल्या) जोरातच असतात, त्यांचं कॅल्शियम आधीच चढलेलं असतं. शिवाय रक्तातलं काही कॅल्शियम अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि गरोदरपणात हे अल्ब्युमिन उतरतं, त्यामुळे साध्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम कमी दिसतं. खरा आकडा आयोनाइज्ड, म्हणजे रक्तात मोकळ्या असलेल्या, कॅल्शियमचा. तो करून घ्या, मग डोस डॉक्टरांना ठरवू द्या. आणि लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर नको, मध्ये काही तास जाऊ द्या.

शेवटचं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. बीपी फार वाढलं तर झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. जीव वाचवणारं औषध आहे, घाबरू नका. पण ते बाहेर पडतं किडनीतूनच. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी कमी काम करत असेल, तर हे औषध अंगात साठतं. म्हणून तिथे गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघतात, श्वास मोजतात, लघवी मोजतात आणि गरजेप्रमाणे डोस कमी करतात. तेव्हा लेबर रूममध्ये जो कुणी पहिला भेटेल, त्याला ट्रान्सप्लांट झाल्याचं आणि शेवटचं क्रिएटिनिन किती ते लगेच सांगा. फाइलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत लिहूनच ठेवा, आणि सोबत येणाऱ्यालाही तोंडपाठ करायला लावा.