कारखान्याच्या छपराखालची कला

मंडळी, बंद पडलेल्या कारखान्यांत कलासंग्रहालयं का उघडतात, असं विचारलं की एक उत्तर ठरलेलं असतं: जागा मोठी मिळते आणि स्वस्त मिळते. ते खोटं नाही. पण तेवढंच धरून आत गेलात तर निम्मं बघायचं राहून जाईल.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीकाठी बीकन नावाचं गाव आहे. तिथे 1929 साली नाबिस्को या बिस्किटवाल्या कंपनीने खोके छापण्याचा कारखाना बांधला. 2003 पासून तिथे ‘डिया बीकन’ हे संग्रहालय आहे. तिथे गेलात तर कृपा करून आधी भिंतीवरची चित्रं बघू नका. मान वर करा. छपराला करवतीसारखे दाते आहेत आणि दात्यांची काचेची बाजू उत्तरेकडे आहे. तिथे उत्तरेकडून थेट ऊन क्वचितच येतं, त्यामुळे दिवसभर सारखा, सावल्या न पाडणारा उजेड मिळतो. छापलेला रंग पारखायला असाच उजेड हवा. आणि चित्राचा रंग पारखायला? तोच! छपाई कामगारासाठी केलेली सोय पाऊणशे वर्षांनी जशीच्या तशी प्रेक्षकाच्या उपयोगी पडली. ऊन ढगाआड गेलं की दालनातलं चित्रही किंचित बदलतं. दिव्यांच्या उजेडातल्या बंद दालनात ही गंमत नाही.

आता आत काय ठेवलंय ते बघू. डॅन फ्लेविनने दुकानात मिळणाऱ्या साध्या ट्यूबलाइट लावून कलाकृती केल्या. डोनाल्ड जड आपल्या पेट्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरांकडून करवून घ्यायचा. रिचर्ड सेरा तरुणपणी पोटासाठी पोलादाच्या कारखान्यात राबला होता. पुढे त्याला जे जाड पोलादी पत्रे पिळून लंबवर्तुळाकार उभे करायचे होते, ते वाकवायला जहाजबांधणीच्या कारखान्यातलं यंत्र लागलं. डिया बीकनमध्ये ही लंबवर्तुळं जिथे पूर्वी मालगाडीचे डबे लागायचे त्या भागात उभी आहेत. त्यांच्या आत शिरा. भिंत कधी अंगावर झुकते, कधी दूर कलते आणि पावलं आपोआप सावध होतात. माझं म्हणणं असं, की या मंडळींची कला कारखान्यात पाहुणी म्हणून आलेली नाही. तिचं माहेरच ते आहे. गुळगुळीत पांढऱ्या दालनात हेच पोलाद महागड्या वस्तूसारखं मिरवतं.

पण माहेर म्हटलं की माणसं आठवायला हवीत, आणि इथे मला थोडं बोचतं. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थ ॲडम्स गावात ‘मास मोका’ हे संग्रहालय आहे. तिथे आधी कापडछपाई चालायची, मग स्प्रेग इलेक्ट्रिक कंपनी आली. ऐन भरात तिच्याकडे चार हजारांवर कामगार होते. गावच मुळी छोटं, म्हणजे घरटी कोणी ना कोणी तिथे असणारच. 1985 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. संग्रहालय उघडलं 1999 मध्ये. पोपडे निघालेल्या विटा, निकामी पाइप, सगळं जपून ठेवलंय आणि ते फोटोत फार देखणं येतं. देखणं येतं, म्हणूनच जरा जपून बघावं. त्या पोपड्यांमागे कुणाची तरी कामाची पाळी होती, पगार होता.

तिथेच सोल लविट या कलाकाराची भित्तिचित्रं आहेत, शंभराहून जास्त. लविट सूचना लिहायचा, भिंतीवर रेघा ओढायची दुसरी माणसं. तो 2007 मध्ये गेला. ही चित्रं 2008 मध्ये खुली झाली. साठपासष्ट जणांनी सहा महिने खपून ती काढली. नकाशा एकाचा, हात अनेकांचे. ही कामाची वाटणी कारखान्याला काही नवी नाही. फरक एवढाच, की इथे नाव एकाचंच होतं म्हणून आपण हळहळतो. कारखान्यात ते आपल्याला खटकतही नाही.

लंडनचं ‘टेट मॉडर्न’ खरं तर जुनं वीजकेंद्र. त्याच्या टर्बाइन हॉलमध्ये 2010 साली आय वेवे या चिनी कलाकाराने चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या. एकूणएक बी चीनमधल्या जिंगडेझेनच्या कारागिरांनी हाताने रंगवलेली. लोकांनी त्यावरून चालावं, बसावं अशी कल्पना होती. पण तुडवल्यावर बारीक धूळ उडू लागली, ती छातीत जाईल म्हणून काही दिवसांतच चालणं बंद करावं लागलं. धूळ, फुप्फुसं, सुरक्षेचा नियम. यंत्रं हलवली तरी कारखान्याचे प्रश्न तिथेच दबा धरून होते. बिया रंगवताना त्या कारागिरांच्या आसपास धूळ किती होती, हे मात्र बघायला आलेल्या गर्दीत फार कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.