सव्वा इंचाचा पहारेकरी

[दृश्य : रात्र. टेबललॅम्पखाली एक हात. चिमटीत औषधाच्या बाटलीचं बूच, बुचावर चिकटवलेली राखाडी रंगाची छोटी मूर्ती.]

हा गावाच्या वेशीवरचा पहारेकरी. डोक्यावर टोपडं, अंगावर घोट्यापर्यंत घोंगडीसारखा जाड झगा, उजव्या हातात भाला आणि डाव्या हातात कंदील. उंची २८ मिलीमीटर, म्हणजे खऱ्या माणसाचा साधारण साठावा हिस्सा. टोपडं आणि पायाखालची चकती धरली तर सव्वा इंच.

कंदिलात उजेड नाही. कुठून असणार? तुरीच्या डाळीएवढासुद्धा नसलेला प्लास्टिकचा ठिपका आहे तो. पण शनिवारी मित्राशी खेळायच्या लढाईत हा गडी पटावरच्या एका पुलावर उभा राहणार आहे, आणि समोर बसलेल्या माणसाला तेव्हा हा कंदील पेटलेला दिसला पाहिजे. माझ्या हातात चार रात्री आहेत.

[दृश्य : दिवाळीतला मातीचा किल्ला. गोणपाटावर लिंपलेला चिखल, उगवून आलेले हळीव.]

छोट्या मूर्ती रंगवायच्या आणि त्यांच्या लढाया पटावर खेळायच्या, हा माझा छंद. महाराष्ट्रात वाढलेल्या कित्येकांनी तो त्याचं नाव माहीत नसतानाच केलेला असतो. विटा रचायच्या, वर गोणपाट टाकायचं, चिखल लिंपायचा, हळीव पेरायचे आणि पुण्यात असाल तर कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. आमच्या किल्ल्यावरचा कोंबडा हत्तीपेक्षा उंच होता आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही. एका वर्षी तोफेजवळच्या मावळ्याचा रंग उडाला होता. मी शाळेच्या वॉटरकलरने त्याला नवा अंगरखा चढवला, कमरेला लाल शेला दिला. रात्री अवकाळी सर आली. सकाळी शेल्याचा लाल रंग पार पायथ्याच्या खंदकात उतरला होता. रंग टिकायचा तर त्याच्याखाली काहीतरी हवं, हे मला त्या सकाळी कळलं. त्याला प्रायमर म्हणतात, हे कळायला पुढे पंधरा वर्षं गेली.

[दृश्य : बुद्धिबळाचा पट. मग जुना नकाशा. मग शिशाचे सैनिक.]

पटावर सैन्य मांडण्याची कल्पना आपल्याच मातीतली. पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ ही सैन्याची चार अंगं, म्हणून चतुरंग. तो खेळ इराणमार्गे पश्चिमेला गेला आणि त्याचं बुद्धिबळ झालं. १७८० साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधल्या योहान हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने त्या पटाची घरं वाढवली आणि त्यात डोंगर, नद्या, गावं आणली. पुढे प्रशिया या जर्मन राज्यात राइसविट्झ बापलेकांनी हे काम हाती घेतलं. मुलाचे नियम १८२४ चे. नकाशावर अंतर मोजायचं, फासे टाकून नुकसान ठरवायचं, निकाल द्यायला तिसरा माणूस बसवायचा. प्रशियाच्या सैन्यात अधिकारी त्यावर शिकले. १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांसाठी नियम छापले. त्यात स्प्रिंगच्या तोफेतून खरोखर गोळा मारून सैनिक पाडायचे.

राक्षस आणि जादूगार आले १९७४ साली. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला, ज्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो. पहिल्या छपाईत फक्त हजार पेट्या होत्या. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक हे तीन मित्र राहत्या फ्लॅटमधून 'गेम्स वर्कशॉप' या नावाने लाकडी पट विकायला लागले. या नव्या खेळाच्या सहा प्रती त्यांनी मागवल्या आणि युरोपातल्या विक्रीचे हक्क मिळवले. पीक लवकरच बाहेर पडले. पुढे फ्लॅटही सोडावा लागला, तेव्हा उरलेले दोघे काही महिने व्हॅनमध्ये राहिले.

[दृश्य : नॉटिंगहॅम. विटांच्या इमारती, ट्रेंट नदी.]

मूर्तींचं खरं माहेर मात्र इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा परिसर. जवळच्या न्यूअर्क गावात १९७९ साली गेम्स वर्कशॉपने ब्रायन अॅन्सेल यांच्यासोबत 'सिटाडेल मिनिएचर्स' ही कंपनी सुरू केली. धातूच्या मूर्ती ओतायच्या आणि विकायच्या. पण 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये माणशी एक मूर्ती पुरते. मग अॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी १९८३ मध्ये असा खेळ रचला की ज्यात अख्खं सैन्य लागतं. तो 'वॉरहॅमर'. आधी मूर्ती होत्या आणि त्यांच्यासाठी खेळ जन्माला आला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आजही या छंदातली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं फक्त रंगवतात, खेळत नाहीत, आणि त्यांना कुणी उपरं समजत नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेम्स वर्कशॉप लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या १०० कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. आज नॉटिंगहॅमच्या आसपास मूर्ती बनवणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत की त्या भागाला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा, असं नाव पडलंय. जुन्या मूर्तींमध्ये शिसं असायचं, त्यावरून.

[दृश्य : दोन बोटांत मळली जाणारी हिरवी लांबी.]

पूर्वी मूर्ती हातानेच घडायची, आहे त्याच मापात. निळ्या आणि पिवळ्या लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, पट्ट्या एकत्र मळल्या की हिरवी लांबी तयार होते. ती घट्ट व्हायच्या आत, दीड-दोन तासांत, तारेच्या सांगाड्यावर चेहरा, बोटं, कापडाच्या चुण्या काढायच्या. मग रबराचा साचा. तो गरगर फिरवत त्यात वितळलेला धातू सोडायचा, म्हणजे तो कडेकडेच्या बोटांपर्यंत पोचतो.

अशा हातांमधले दोन हात मायकल पेरी यांचे. ते आणि त्यांचे जुळे भाऊ अॅलन, दोघंही नॉटिंगहॅमचे नावाजलेले मूर्तिकार. १९९६ साली फ्रान्समध्ये क्रेसीची मध्ययुगीन लढाई पुन्हा उभी करण्याच्या कार्यक्रमात तोफेचा अपघात झाला आणि मायकल यांचा उजवा हात गेला. घडवणारा हात. त्यांनी डाव्या हाताला पहिल्यापासून शिकवलं आणि ते पुन्हा मूर्ती करायला लागले. त्यांनी नंतर केलेल्या मूर्ती हातात घेऊन बघा. हात बदलल्याची खूण मला अजून त्यांत सापडलेली नाही.

आता बहुतेक घडण संगणकावर होते आणि पोलादी साच्यात प्लास्टिक दाबलं जातं. माझा पहारेकरी तसलाच. सहा तुकडे. जोडायचा गोंद प्लास्टिक किंचित विरघळवतो, त्यामुळे दोन तुकडे चिकटत नाहीत, एकजीव होतात.

[दृश्य : पहिली रात्र. कटरची पाठ मूर्तीच्या खांद्यावरून फिरते. बाहेर पावसाचा आवाज.]

साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मूर्तीवर केसाएवढी रेघ उरते. ती कटरच्या पाठीने खरवडून काढायची. कंटाळवाणं काम आहे. पण रेघ राहिली तर रंग तिच्यावर बरोबर चढतो आणि चेहऱ्यावर जखमेचा व्रण असल्यासारखी दिसते.

मग प्रायमर. फवारायचा डबा सोयीचा खरा, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नये. मागच्या जुलैत मी गॅलरीत दहा मूर्ती फवारल्या. हवा इतकी दमट होती की प्रायमर रवाळ बसला, पॉलिश पेपरसारखा. दहाही मूर्ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवल्या आणि जुन्या टूथब्रशने घासून पुन्हा कोऱ्या केल्या. तेव्हापासून जून ते सप्टेंबर प्रायमर ब्रशनेच.

[दृश्य : दुसरी रात्र. मिठाईचा प्लास्टिकचा डबा. आत ओला स्पंज, स्पंजवर बटर पेपर, पेपरवर रंगाचे थेंब.]

ही ओली पॅलेट. खालच्या स्पंजातलं पाणी कागदातून हळूहळू वर झिरपतं, त्यामुळे अॅक्रिलिक रंग तासन्‌तास ओला राहतो. पुण्यात मे महिन्यात हिच्याशिवाय बसताच येत नाही, रंग ब्रशवरच वाळतो. रंग पातळ ताकासारखा हवा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही बरे. जाड थर झग्याची वीण बुजवतो, आणि ती वीण कुणीतरी जीव लावून कोरलेली असते.

ब्रश सायबेरियातल्या कोलिन्स्की या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा, एक नंबरचा. नवीन माणूस सगळ्यात बारीक ब्रश आणतो, मीही आणला होता. पण त्यात रंग मावत नाही, टोक मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर वाळतं. पोट भरलेलं आणि टोक सुईसारखं, असा ब्रश लागतो.

आधी मूळ रंग दिले. झगा निळसर करडा, टोपडं मातकट, चेहरा गव्हाळ. मग वॉश, म्हणजे मुद्दाम पातळ केलेला गडद रंग. तो आपोआप खोलगट जागी जाऊन बसतो. नाकाच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत, चुण्यांच्या तळाशी. मूर्ती एकदम जागी होते ती इथे.

[दृश्य : तोच चेहरा, आधी वॉशशिवाय, मग वॉशसह. शेजारी दशावतारातल्या नटाचा रंगवलेला चेहरा.]

सावली रंगवायची कशाला, खरी पडतेच की, असं मला पहिल्या वर्षी वाटायचं. पडते. पण अर्ध्या मिलीमीटरच्या चुणीतली सावली हातभर अंतरावरून डोळ्याला जाणवत नाही. कोकणात रात्रीच्या जत्रेत दशावतार बघितला असेल तर आठवा. नटाच्या भुवया, ओठ, गालांवरची लाली, जवळून सगळं भडक. पण शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या म्हातारीपर्यंत त्या राजाचा राग पोचायचा असतो, तो तेवढ्या रंगाशिवाय पोचत नाही. मूर्तीचंही तेच आहे. खोलगट भाग आहे त्याहून गडद करायचा आणि उंचवट्याची कड आहे त्याहून उजळ.

डोळे तिसऱ्या रात्री. मनगटं एकमेकांना टेकवायची, कोपरं टेबलावर. आधी मळकट पांढरा बदाम. मग ठिपका न देता वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत एक उभी बारीक रेघ. ठिपका दिला की डोळे वटारल्यासारखे दिसतात. मग कातडीच्या रंगाने वरून-खालून बदाम आवळत आणायचा. उजवा डोळा तीनदा पुसला. चौथ्यांदा जमला, तेव्हा पावणेबारा झाले होते.

[दृश्य : चौथी रात्र. दिवे बंद. मोबाइलचा टॉर्च मूर्तीच्या कंदिलापाशी धरलेला.]

आता कंदील. आधी नुसतं बघायचं. घरातले दिवे बंद केले, कंदिलाच्या जागी टॉर्च धरला आणि फोटो काढला. उजेड कुठे लागतो? हनुवटीच्या खाली, डाव्या गालावर, टोपड्याच्या आतल्या काठावर, झग्याच्या ज्या चुण्या कंदिलाकडे तोंड करून आहेत त्यांच्यावर. नाकाची सावली वर जाते, कपाळाकडे. उजवा खांदा पूर्ण अंधारात.

फोटो समोर ठेवून रंग चढवला. कंदिलाच्या काचेत जवळजवळ पांढरा. त्याच्या भोवती पिवळा. गालावर नारिंगी, इतका पातळ की नुसतं रंगीत पाणी. झग्यावर दूर जाताना विटकरी, मग काहीच नाही. कुठलीही जागा कंदिलापेक्षा उजळ होता कामा नये, नाहीतर तो विझतो. रात्री एकपर्यंत माझा कंदील पेटत नव्हता. मी पिवळा वाढवत होतो आणि सगळा झगाच पिवळा पडत होता. मग उलट केलं. उजव्या बाजूचा निळा आणखी काळवंडत नेला, तीन थर, प्रत्येक थर वाळू दिला. तिसरा थर वाळला आणि कंदील पेटला. काचेला मी हातसुद्धा लावला नव्हता.

ज्यांना या कामात अगदी वरपर्यंत जायचंय त्यांच्यासाठी १९८७ पासून 'गोल्डन डेमन' ही स्पर्धा आहे. सर्वोत्तम मूर्तीला पूर्ण मापाची तलवार बक्षीस मिळते. मला पूल गाठायचा होता.

[दृश्य : शनिवार. डायनिंग टेबलावर प्लायवूड. थर्माकोलचे डोंगर, आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल.]

जमिनीवरची ही माती म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा. गवत काथ्याचं. मित्राचं सैन्य पलीकडच्या काठावर आहे, वीस ऑर्क, म्हणजे कल्पित राक्षसी योद्धे, सगळे त्याने स्वतः रंगवलेले, प्रत्येकाच्या ढालीवर वेगळं चित्र. आमच्यात एक करार आहे, न रंगवलेली मूर्ती पटावर आणायची नाही. समोरच्या माणसाने रात्री घालवलेल्या असतात, त्याला आपणही तेवढंच द्यायचं.

नियम सोपे आहेत. वार लागायला फाशावर तीन किंवा जास्त, जखम व्हायला चार किंवा जास्त, आणि चिलखताने वाचायला पाच किंवा जास्त. म्हणजे एका वाराने माणूस पडण्याची शक्यता नऊमध्ये दोन. दहा वार झाले तर साधारण दोन गडी जातात. पण त्याआधी पुलापर्यंत पोचायला हवं. त्याच्या ऑर्कांपासून पहारेकऱ्यापर्यंत मोजपट्टीवर बरोबर ९ इंच. दोन फासे टाकायचे, बेरीज नऊ किंवा जास्त आली तर धाड पडली. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १० त्याच्या बाजूने.

त्याने फासे मुठीत खुळखुळवले आणि टाकले. पाच. आणि तीन.

एक इंच कमी.

तो फासे उचलायला वाकला आणि तसाच थांबला. त्याचा चेहरा पुलाच्या पातळीवर, पहारेकऱ्यापासून वीतभर.

"थांब, हलवू नकोस. हा उजेड कुठून पडतोय रे याच्यावर?"

आणि त्याने मान वर करून छतावरच्या ट्यूबकडे बघितलं.