मोजपट्टी कुणाच्या हाती?

वॉशिंग्टन, १९२२. सार्वजनिक किनाऱ्यावरचा एक फोटो डोळ्यांपुढे आणा. पोहण्याच्या पोशाखातली एक तरुणी उभी आहे. तिच्यापुढे एक माणूस गुडघ्यावर बसून मोजपट्टी लावतोय. गुडघ्यापासून पोशाखाच्या काठापर्यंत सहा इंचांहून जास्त अंतर भरलं, तर नियमभंग. एका परक्या पुरुषाचे हात तिच्या मांडीशी, आणि हे सगळं म्हणे शालीनतेसाठी!

आता ऑगस्ट २०१६. फ्रान्सचा दक्षिण किनारा. इथे तक्रार उलटी आहे: अंग फार झाकलंय.

बुरकिनी, म्हणजे डोकं, हात, पाय झाकणारा पोहण्याचा पोशाख. मुस्लिम मुलींना खेळात, पाण्यात उतरता यावं म्हणून तो ऑस्ट्रेलियातल्या आहिदा झानेट्टी यांनी तयार केला होता. याच किनाऱ्यावरच्या नीस शहरात १४ जुलैच्या इस्लामी दहशतवादी हल्ल्यात ८६ माणसं मारली गेली होती, जखम ताजी होती. त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या अनेक गावांच्या महापौरांनी बंदीचे आदेश काढले. विलनव्ह-लुबे गावाच्या आदेशात शब्द होते: सभ्यतेला आणि धर्मनिरपेक्षतेला धरून असलेला पोशाख. सभ्यता! १९२२ मध्येही हेच तर मोजलं जात होतं.

२६ ऑगस्टला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. सार्वजनिक सुव्यवस्थेला खरोखर धोका असल्याचं दाखवा; नुसती लोकांची धास्ती बंदीला पुरेशी नाही, असा त्याचा रोख होता. मला हा निकष पटतो. दुसऱ्याच्या कपड्यांनी आपल्याला अस्वस्थ वाटणं आणि आपलं काही नुकसान होणं, यांत फरक आहे.

पण पोहण्याच्या तलावावर हिशेब वेगळा लागला. २०२२ मध्ये फ्रान्समधल्याच ग्रनोबल शहराने पालिकेच्या तलावांत बुरकिनी चालेल, आणि स्त्रियांनी वरचं अंग उघडं ठेवलेलंही चालेल, असं ठरवलं. तेच न्यायालय बुरकिनीच्या सवलतीच्या आड आलं. त्याचं म्हणणं असं: एका गटासाठी पोशाखाचा नियम वाकवला, तर बाकीच्यांनी तो का पाळावा?

सरकारचा हात दिसतो तरी. शेजाऱ्यांचा हात दिसत नाही. इस्रायलमध्ये काही बसमार्गांवर कर्मठ ज्यू वस्तीच्या प्रथेनुसार बाया मागच्या दाराने चढून मागेच बसत. पुढे बसलेल्या बाईला टोमणे, शिव्या, कधी धक्काबुक्कीही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्ती बेकायदा. ज्याला स्वखुशीने मागे बसायचंय त्याने बसावं. पण कुणीही कुठेही बसू शकतो, अशी सूचना बसमध्ये लावा. आता भरलेल्या बसमध्ये सगळे डोळे रोखून बघत असताना मागे जाऊन बसणारी बाई स्वखुशीने गेली, हे ठरवणार कोण? सूचनेच्या कागदाला ते कळत नाही.

इस्रायलमधल्याच बेत शेमेश शहरात तर रस्त्यावरच मोठे फलक होते: स्त्रियांनी लांब बाह्या, लांब स्कर्ट घालावा, पँट नको, प्रार्थनास्थळासमोरच्या पदपथावर रेंगाळू नये. पदपथ सगळ्यांच्या करातला, फलक मात्र एका गटाचे. काही स्त्रिया न्यायालयात गेल्या, नुकसानभरपाई मिळवली, तरी फलक जागचे हलेनात. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काढायचा हुकूम दिला. पालिकेने उतरवले, आणि पाठोपाठ नवे लागले. हुकूम टिकवायचा, तर पालिकेच्या माणसाला शिडी घेऊन पुन्हा पुन्हा त्याच रस्त्यावर जावं लागणार.