हाक मारायचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये तुम्ही मित्राच्या दारात उभं राहून त्याला त्याच्या जन्मनावानं हाक मारलीत. आत बसलेली माणसं चपापलीच असती! मोठ्या झालेल्या माणसाला त्या नावानं हाक मारायची ती आईबापांनी, गुरूनं किंवा राजानं. बरोबरीच्यानं मारली तर तो सरळ अपमान.

मग हाक मारायची कशी? मुलगा वीस वर्षांचा झाला की केस बांधून त्याच्या डोक्यावर टोपी चढवत आणि तेव्हाच त्याला दुसरं नाव देत. चिनी भाषेत त्याला 'त्झ' म्हणतात. मुलीला ते लग्न ठरल्यावर मिळे, अंबाड्यात काडी खोवताना. स्वतःविषयी बोलताना मात्र माणूस जन्मनावच वापरी. तिथं 'त्झ' वापरणं म्हणजे 'मी रावसाहेब बोलतोय' असं म्हणण्यासारखं!

दुसरं नाव बहुधा पहिल्याचा धागा धरून ठेवत. झुगे लियांग हा तिसऱ्या शतकातला मुत्सद्दी. 'लियांग' म्हणजे उजळ. म्हणून त्याचं दुसरं नाव कोंगमिंग, अतिशय उजळ. कन्फ्यूशियसचं जन्मनाव च्यू आणि दुसरं चोंगनी. त्यातल्या 'चोंग'वरून कळतं, की हा दुसरा मुलगा. पण माझा लाडका आहे तो आठव्या-नवव्या शतकातला लेखक हान यू. 'यू' म्हणजे वरचढ होणं, आणि त्याच्या दुसऱ्या नावात, 'त्वेइची'मध्ये, 'त्वेइ' म्हणजे मागे सरणं. पोराला आधीच लगाम घालून ठेवलेला बरा, असं कुणाला वाटलं असेल का? अगदी 1893 साली जन्मलेल्या माओलाही असं नाव होतं, रुनची. 'झेदोंग'मधल्या 'झे'त ओलावा आहे, तोच 'रुन'मध्येही.

जपानात चिनी विद्येत मुरलेले पंडित अशी नावं घेत. तिथं त्यांना 'अझाना' म्हणत. सामुरायांची तऱ्हा थोडी वेगळी. खरं नाव, म्हणजे 'इमिना', जपून ठेवायचं आणि चारचौघांत वेगळ्याच नावानं वावरायचं. दक्षिण जपानातल्या सत्सुमा संस्थानाचा प्रसिद्ध सेनानी सायगो सगळ्यांना किचिनोसुके म्हणूनच ठाऊक. सम्राट मेजीचं नवं सरकार आल्यावर त्याला दरबारी मानाचा दर्जा द्यायचा ठरलं आणि कागदावर खरं नाव हवं झालं. सायगो तिथं नव्हता. म्हणून त्याच्या जिवलग मित्राला विचारलं. मित्रानं आठवून आठवून सांगितलं, 'ताकामोरी'. ते निघालं सायगोच्या वडिलांचं! त्याचं स्वतःचं नाव होतं ताकानागा. इतक्या वर्षांची मैत्री, पण ते नाव तोंडात यायचा प्रसंग कधी आलाच नव्हता, अशी ही हकीकत सांगतात.

1872 मध्ये सरकारनं हुकूम काढला, दोनांपैकी एकच नाव ठेवा. सायगोनं ती चूक दुरुस्त करून घेतली नाही. 1877 मध्ये तो गेला तो ताकामोरी म्हणूनच. टोकियोच्या उएनो बागेत कुत्र्याला घेऊन उभा असलेला त्याचा पुतळा आहे. तो पाहायला येणारे लोक आजही त्याला त्याच्या बापाच्या नावानंच ओळखतात.

नमस्कार.